रिकाम्या जागेला वळसा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, नाहीतर मला चैन पडायची नाही! मी इंग्लंडमधल्या एका खेड्यात, रेसिंग कार बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी करते. मालक इतके वयस्कर आहेत, की मी त्यांना आजोबाच म्हणते. तरुणपणापासून गाड्या त्यांनीच आखल्या, त्यांनीच बनवल्या, आणि शर्यतीत पळवल्या दुसऱ्यांनी. आज त्यांची शेवटची गाडी विकली गेली. आता वर्कशॉप बंद होणार.

गाडी घेऊन ट्रक गेला. आजोबा आत आले आणि मधल्या मोकळ्या फरशीला चक्क वळसा घालून पलीकडे गेले! तिथे गाडी असायची ना, तिच्या पुढच्या नाजूक नाकाला धक्का लागू नये म्हणून आम्ही सगळे तसंच जायचो. गुडघा जरी घासला तरी आजोबा केवढ्यांदा ओरडायचे.

आमचा वेल्डर डेव्ह हसला. "अहो साहेब, सरळ या की! आता काय आडवं येतंय?"

"पायांना अजून कळलं नाहीये रे," आजोबा म्हणाले. हसले नाहीत. पाना जागेवर ठेवायला परत निघाले, तर पुन्हा वळसा!

मला एकदम माझी खोली आठवली. रूममेट कायमची मायदेशी गेली, तरी तिची झोप मोडू नये म्हणून मी अजून दार हळूच लावते. आत कुणी नसतं.

मग मी हात धुवायला निघाले. समोर सगळी फरशी मोकळी होती, पण मलाही सरळ जाता येईना हो!

तुमचं होतं का असं? निघून गेलेल्या कुणासाठी तुम्हीही अजून बाजूने जाता का?