आधी दोरी, मग चौकशी

“पण रेडिओ खराब होता असं म्हणायला तुमची जीभ का अडते?” कंडक्टरांच्या बायकोनं धुतलेलं पातेलं ओट्यावर आपटलं. “कुणाचं नाव घ्यायला नको, कुणावर ढकलायला नको. यंत्र आहे, बिघडलं. विषय संपला.”

“बिघडला नव्हता,” खुर्चीत वाकून बुटांच्या नाड्या सोडत कंडक्टर म्हणाले.

“बिघडला होता का, असं कुठं विचारतेय मी? बिघडला होता म्हणा, असं सांगतेय.”

सून खिडकीशी उभी राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. रेडिओची युक्ती मुळात तिची. सकाळी कामावर निघताना, चपला घालता घालता ती पुटपुटली होती, आणि संध्याकाळपर्यंत सासूनं ती स्वतःची करून टाकली होती. भाजीतल्या मिठावरूनही ज्या दोघींचं कधी जमलं नाही, त्या आज एका बाजूला होत्या. ते बघूनच मुलगा धास्तावला होता आणि मोबाइलमध्ये डोकं घालून दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

उद्या समितीची बैठक होती. पवनचक्कीच्या पात्यानं गिधाड मेलं ते कुणाच्या उशिरामुळे, हे तिथं ठरायचं होतं. उशीर दोघांपैकी एकाचा: डोंगरमाथ्यावर दुर्बीण घेऊन बसणाऱ्या पहारेकऱ्याचा, नाहीतर खाली नियंत्रण कक्षात बटणासमोर बसणाऱ्या ऑपरेटरचा. पहारेकरी म्हणजे कंडक्टर. ऑपरेटर म्हणजे त्यांची सून.

कंडक्टर आता कंडक्टर राहिले नव्हते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डोंगरातल्या वळणांवर बसच्या दाराशी उभं राहून काढली. त्यांची एक खोड सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. मागून कुणी ओरडलं, दारात कुणाची पिशवी अडकली, की ते आधी घंटीची दोरी ओढत आणि मग काय झालं ते विचारत. बरेचदा काहीच झालेलं नसे. एखाद्या आजीची टोपली कलंडलेली असे, नाहीतर कॉलेजच्या पोरांनी मुद्दाम आरडाओरडा केलेला असे. ड्रायव्हर वैतागून म्हणत, आधी बघत जा की जरा. “बघेपर्यंत चाक थांबतं का?” असं कंडक्टर त्यांनाच विचारत. त्यांच्या बसखाली कधी कुणी आलं नाही. याबद्दल कुणी त्यांचा सत्कारही केला नाही, कारण न घडलेल्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते घरी बसून बायकोच्या फोडणीवर देखरेख करू लागले. हा माणूस दिवसभर तरी कुठंतरी जाऊ दे, असं ती उघडपणे म्हणायला लागली, तेवढ्यात डोंगराचं काम निघालं.

पवनचक्क्या आल्या तेव्हा गावाचं नशीब उघडलं असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. वीज आली म्हणून शीतगृह आलं, मग कपडे शिवायचा कारखाना आला. दूरच्या शहरात एका खोलीत संसार करणारा कंडक्टरांचा मुलगा बायकोला घेऊन परत आला. पण त्याच डोंगराच्या कड्यावर गिधाडं होती, आणि गिधाडं सगळीकडूनच संपत चालली होती. वन्यजीव खातं म्हणे, चक्क्या काढा. वीज खातं म्हणे, गिधाडं हलवा. बरीच वर्षं दोन्ही खात्यांचं बोलणं बंद असल्यासारखंच होतं. मग वरून एक समन्वय समिती नेमली गेली आणि तिनं तोडगा काढला. चक्क्या राहतील, गिधाडंही राहतील, डोंगरावर एक माणूस बसेल. पक्षी पात्यांच्या वाटेला येताना दिसला की तो रेडिओवर हाक देईल, आणि खाली ऑपरेटर तेवढी चक्की थांबवेल. माणूस एका खात्याचा, ऑपरेटर दुसऱ्याचा.

तोडगा चांगला होता. चाललाही. गावातले लोक चेष्टा करत, गिधाडांना हाफ तिकीट का हो कंडक्टर? बायको म्हणे, आयुष्यभर माणसांसाठी चाकं थांबवली, आता ही एक प्रजा राहिली होती. कंडक्टर डबा घेऊन डोंगर चढत आणि खूश असत. घरात सासरा आणि सून यांच्यात बोलणं फारसं होत नसे. रेडिओवर मात्र दिवसभर चाले. “थांबव.” “थांबवली.” “सोड.” “सोडली.” लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्यांशी केलेलं सगळ्यात लांब संभाषण तेच होतं, आणि दोघांनाही ते आवडत होतं.

मग वीज खात्यानं तक्रार केली. चक्क्या फार वेळा थांबतात. घारीसाठी थांबतात, कावळ्यासाठी थांबतात, एकदा तर उडत चाललेल्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी थांबल्या. पिशवीची गोष्ट खरी होती. समिती पुन्हा बसली, चहा झाला, आणि दोन्ही खात्यांनी समजूतदारपणा दाखवला. नवा नियम ठरला: ओळख पटल्याशिवाय हाक द्यायची नाही.

कंडक्टरांनी नियम ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. पूर्वीसारखीच हाक देत राहिले. नियमानं ते बदलले नसते.

बदलले ते एका संध्याकाळी, ताटावर. सून वाढत होती. वाढता वाढता, वर न बघता तिनं सांगितलं की चक्की थांबली की साहेब तिच्याकडे बघतात. सासरा हाक देतो आणि सून विचार न करता बटण दाबते, घरचाच कारभार आहे, असं सगळ्यांसमोर म्हणतात. तिची नेमणूक अजून पक्की नव्हती. “तेवढं जरा बघून हाक द्याल का, बाबा?” ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. कंडक्टर म्हणाले, बरं.

त्या सकाळी गिधाड कड्यामागून वर आलं. आधी नुसता काळा ठिपका होता. कंडक्टरांचा हात रेडिओवर गेला आणि तिथंच राहिला. घारीची शेपटी मधोमध खाचलेली असते, गिधाडाची नसते. ते शेपटी बघत राहिले. शेपटी दिसली तेव्हा ते “थांबव” म्हणाले, आणि खाली सुनेनं शब्द पुरा व्हायच्या आत बटण दाबलं. पण ब्रेक लावल्यावर बसही थोडी पुढं जातेच. पातं जड होतं. त्याला थांबायला वेळ लागला.

आता दोन्ही खाती आपापल्या माणसाला पाठीशी घालायला निघाली होती. वन्यजीव खात्याचे साहेब कंडक्टरांना म्हणाले, तुम्ही वेळेवर हाक दिली होती, एवढंच बोला. वीज खात्याच्या साहेबांनी सुनेला तेच उलटं सांगितलं. समितीतला तंटा स्वयंपाकघरात आला तो असा. रेडिओवर ढकललं तर मात्र सगळ्यांचंच भागत होतं. नवे रेडिओ आले असते, दोघांच्या नोकऱ्या राहिल्या असत्या, नियमही राहिला असता.

“आई म्हणतेय त्यात काय चुकीचं आहे?” मुलानं मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं. “मेलेलं गिधाड काही परत येणार नाही.”

कंडक्टरांनी एक बूट काढून खुर्चीखाली सरकवला. दुसरा तसाच पायात राहिला.

“आज पिल्लू गेलं,” ते म्हणाले.

घरट्यात पिल्लू आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण गिधाड मेल्यापासून त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. कंडक्टरांनी आपणहून सांगितलं, तेही तुटक तुटक. एक जण पिल्लापाशी बसतो, दुसरा खाणं आणतो, असं गिधाडांचं असतं. एकटं राहिलेलं गिधाड पहिले काही दिवस जागचं हललंच नाही. मग भुकेनं गेलं, तर पिल्लू उन्हात एकटं पडलं. ते यायचं, परत जायचं. पिल्लू मान वर करायचं. नंतर मान वर करणंही थांबलं. आज दुपारी गिधाड आलं, घरट्याच्या कडेला बसलं, आणि आणलेलं तसंच घेऊन उडून गेलं.

“तुम्ही रोज हे बघत बसला होतात?” बायकोनं विचारलं. तिच्या आवाजातली धार गेली होती. रोज डबा अर्धा भरलेला परत येत होता, आणि ती तोंडाची चव गेली समजून भाजीत तिखट वाढवत होती.

“बसायचाच पगार आहे.”

सुनेच्या हातात त्यांचाच सदरा होता. तिनं त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “आई, मीच सांगितलं होतं बाबांना,” ती म्हणाली. “बघून हाक द्या म्हणून.”

सासूनं तिच्याकडे पाहिलं. एरवी एवढ्यावर आठवडाभर पुरेल इतकं बोलणं झालं असतं. आज ती पातेलं पुसत राहिली, ते कोरडं झालं तरी.

“तिथं विचारतील, हाक द्यायला का थांबलात,” सून म्हणाली. “मग काय सांगाल?”

“दिसलं नाही नीट, म्हणेन. वय झालं.”

“ते खरं नाही.”

“तेवढं चालेल.” कंडक्टरांनी दुसरा बूट काढला, पहिल्याच्या शेजारी नीट लावला आणि उठून उभे राहिले. मग बसमध्ये पुढचा थांबा सांगायचे तशा सपाट आवाजात म्हणाले, “रेडिओ चांगला होता आणि बटण वेळेवर दाबलं गेलं. हाक द्यायला मी उशीर केला. उद्या हे सांगणार आहे. पलीकडच्या कड्यावर अजून एक जोडी आहे, तेव्हा ओळख पटवायचा नियम काढा, हेही सांगणार आहे. माझं काम जाईल. परवापासून डबा भरू नका.”