राजक्का थांबायची तेवढा वेळ

राजक्का रेडिओवर प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. समोरच्या माणसाने तोंडातला घास गिळावा, पाण्याचा घोट घ्यावा आणि सावकाश उत्तर द्यावं, एवढा वेळ. मग ‘हं’ म्हणायची आणि पुढे बोलू लागायची. काचेपलीकडे मशीन सांभाळणारी आमची शीतल तोवर श्वास रोखून बसलेली असे.

ईशान, रेवा, तुम्ही विचारलं होतंत, आजी आता दिवसभर करते काय? शाळेत इंग्रजी शिकवून झालं. आता मी कुरखेड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावातल्या छोट्या रेडिओच्या समितीवर आहे. दोन खोल्या, एक मनोरा, आणि आवाज पोचतो तो आसपासच्या गावांपुरता. सोमवारी गोंडी गाणी, मंगळवारी बंगाली वसाहतीतल्या बायका, बुधवारी भीमगीतं, शुक्रवारी धानावरचे रोग. कुणीही यावं आणि आपल्या भाषेत बोलावं, हा आमचा नियम. एका दुपारी राजक्का आली ती हा नियम ऐकूनच. पायरीवर चपला काढून म्हणाली, “बाई, मले तेलुगूत बोलाचं हाये.”

ती सिरोंच्याची. जिल्हा आमचाच, पण पार दक्षिणेचं टोक. तिथे घराघरात तेलुगू. नवरा वनखात्याच्या लाकूड डेपोवर चौकीदार होता, त्याच्या बदलीबरोबर ती इकडे आली. तो गेला. मुलगा नागपुरात, सून मराठी, नातवंडं मराठी. गावात तिला हाक मारणारे पुष्कळ होते, पण तिच्या भाषेत एकही नव्हता.

“राजक्का, आपला रेडिओ सिरोंच्यापर्यंत नाही पोचत,” मी म्हटलं.

“मालूम हाये मले. तिथी तरी आता कोन हाये माझं?”

“मग ऐकणार कोण?”

“कोनी असन तं ऐकन. नसन तं नाई.”

तिला गुरुवारची दुपार मिळाली. सुरुवात ठरलेली: “तिन्नावा?” म्हणजे, जेवलीस का? तो एक शब्द मीही शिकले. नंतर ती आम्हाला सांगायची, आज काय काय विचारलं ते. चिंच फोडून झाली का, गुडघा कसा आहे, लोणच्याला यंदा मिरची कुठून आणलीस. शेवटी गाणं. तिच्या माहेरी बायका फेर धरून गातात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. राजक्का आपलीच ओळ म्हणायची. बाकीच्यांची ओळ ती कधी म्हणाली नाही. तेवढा वेळ नुसती बोटांनी मांडीवर ठेका धरायची.

रेडिओचा कारभार पाहणारे मेश्रामभाऊ वैतागले. “बाई, असा सन्नाटा गेला तं लोकायले वाटते मशीन बंद पडली. दुसरं स्टेशन लावून टाकतेत.” त्यांच्या सांगण्यावरून शीतलने एका कार्यक्रमाच्या, संध्याकाळी पुन्हा लागणाऱ्या रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागा कापल्या. पंधरा मिनिटांचं बोलणं सातातच आटोपलं.

राजक्काने ते घरी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. रागावलेली नव्हती, गोंधळली होती.

“भाऊ, तुमी त्या बाईचं बोलनं काऊन कापलं जी?”

“कोणत्या बाईचं?”

“जे मले जवाब देते. माझं तं पुरं ठेवलं तुमी. तिचंच कापलं.”

मेश्रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी शीतलकडे. त्यानंतर पुन्हा कुणी कात्री लावली नाही.

पण समितीत प्रश्न निघालाच. गोंडी गाण्यांना फोन येत, भीमगीतांच्या फर्माइशी तर पुऱ्या होत नसत. राजक्काला एकही फोन आला नव्हता. दिवाळीपर्यंत चालू द्या, एक फोन आला तरी कार्यक्रम राहील, एवढं मी मान्य करून घेतलं. तिला म्हटलं, “तू सांग ना, फोन करा, नाहीतर कार्यक्रम बंद होईल.”

“असं कसं म्हनू, बाई? घरी आलेल्या मानसाले कोनी धमकी देते का?”

शेवटी तिने फोनचा नंबर तेवढा सांगितला, मराठीतून, आकडे चुकू नयेत म्हणून. का सांगतेय ते मात्र सांगितलं नाही.

दिवाळी झाली. फोन आला नाही. मीच तिला जाऊन सांगितलं. ती सूप घेऊन डाळ पाखडत होती, ते थांबलं नाही. “ठीक हाये,” म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती तरीही आली. ओसरीतल्या बाकावर बसली. आत खतांवरचं भाषण चालू होतं. मी तिच्याशेजारी बसले. “आज काय विचारणार होतीस?”

“तेच. जेवली का.”

तिची वेळ संपली तशी उठली, चपला घातल्या आणि गेली.

तुमचा फोन आला की मीही तेच विचारते. आवाज तिकडे परदेशात पोचून तुमचं उत्तर इकडे यायला जरासा वेळ लागतो. पूर्वी मी त्या वेळात पुढचा प्रश्न विचारून मोकळी व्हायची. आता थांबते.

उन्हाळ्यात राजक्का गेली. तेराव्याला मी गेले होते. सगळे मराठीत बोलत होते, मुलगासुद्धा. तिच्याबद्दल तिच्या भाषेत बोलणारं तिथे कुणी नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर बसस्टँडमागचा मल्लय्या रेडिओच्या ओसरीत आला. हातपंप आणि मोटारी दुरुस्त करतो. बोअरवेलच्या गाडीबरोबर वरंगलकडून आला होता. गाडी गेली, हा राहिला, दुकानामागच्या खोलीत एकटाच. गाव त्याला सरसकट मद्रासी म्हणतं आणि त्याच्याशी हिंदीत बोलतं. त्याची भाषा कोणती, हे कुणी विचारलंच नव्हतं.

“मॅडम, दिवाली से राह देख रहा हूँ, वो अक्का का प्रोग्राम कब चालू होगा? बीमार है क्या?”

मी सांगितलं. तो बाकावर बसला, राजक्काच्याच जागी.

“तुम्ही ऐकत होता? मग फोन का नाही केला?”

“फोन कायको?” त्याला प्रश्नच कळला नाही. “मैं तो हर टाइम जवाब देता था. अक्का पूछती, इमली फोड ली? मैं बोलता, मेरे पास झाड किधर है, अक्का. गाना भी बोलता था. औरतों का गाना है, लेकिन दुकान में कौन देखता है.”

शीतल आत गेली. तिने राजक्काचा शेवटचा कार्यक्रम लावला, न कापलेला, आणि ओसरीचा स्पीकर सुरू केला.

“तिन्नावा?” राजक्काने विचारलं आणि ती थांबली.

मल्लय्याने डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिन्ना, अक्का,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “नुव्वु?” म्हणजे, आणि तू?

तरी थोडी जागा उरली होती. समोरच्या रस्त्यावरून गडचिरोलीची एसटी गेली.

“हं,” राजक्का म्हणाली.