मामाला दिलेली वाफ

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षी मी वर्ध्यात खोली घेऊन राहत होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. प्रयोगशाळेत माझं काम एकच होतं. सशाच्या रक्तातून काढलेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं नेब्युलायझरच्या छोट्या कपात घालायची, त्यांची वाफ थंड नळीत धरायची आणि ती कामाची उरलीत का ते तपासायचं. असलं औषध सुईऐवजी श्वासातून थेट फुप्फुसात पोचवता येईल का, हा प्रश्न होता. कपात फेस यायचा, पाणी दुधाळ व्हायचं आणि नळीत उतरायचं ते बहुतेक निकामी. महिनोन्‌महिने तेच. वाईट वाटणंही थांबलं होतं.

माझा मामा हिंगणीचा. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबलेला. त्याला दम लागायचा. माझ्या शिक्षणाचं सगळं त्यानंच केलं. माझं काम काय ते आईकडून कळल्यावर तो एका रविवारी एसटीनं आला. जिना चढून बराच वेळ दारात धापा टाकत उभा राहिला. मग म्हणाला, "मले दे ना तुह्यं थे औषध."

ते माणसाला द्यायचं नाही, अंगावर उठेल, असं मी दोनदा सांगितलं. तो ऐकून घेऊन तसाच बसून राहिला. शेवटी मी शेजारच्या मेडिकलमधून वाफेचं मशीन आणलं आणि कपात साधं सलाईन भरलं. हे तेच का, त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. तो डोळे मिटून वाफ ओढत राहिला. जाताना छाती मोकळी झाली म्हणाला. मला काहीच वाटलं नाही.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी आईचा फोन आला, मामाला भरती केलंय. दवाखान्यात मामीनं सांगितलं की महिनाभर त्यानं दम्याचा रोजचा पंप घेतलाच नव्हता. भाचीचं औषध चालू आहे, मग पंप कशाला, असं म्हणायचा.

दोन दिवसांनी ऑक्सिजन काढल्यावर मी त्याला खरं सांगितलं. नुसतं मिठाचं पाणी होतं.

तो छताकडे बघत होता. "मंग खरं औषध कोठी हाये?"

"कुठंच नाही, मामा. अजून झालंच नाही."

त्यानं मामीकडे हात केला. तिनं पिशवीतून पंप काढून दिला.

या पद्धतीनं प्रतिपिंडं टिकत नाहीत, असं मी प्रबंधात लिहिलं. हाही निष्कर्षच असतो, सर म्हणाले. मी पास झाले. मामा पुढं बरीच वर्षं जगला. भेटला की पिकाचं, पोरांचं बोलायचा. माझ्या कामाचं त्यानं परत कधी विचारलं नाही.