घरून काम करणाऱ्या मुलाची चौकशी

गेल्या आठवड्यात गावातल्या डेअरीवर एका अनोळखी माणसाने मला माझ्याचबद्दल विचारलं...

संध्याकाळी दूध घालायला गेलो होतो. साठीचे एक गृहस्थ बाजूला उभे होते. गर्दी ओसरली तसे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "दादा, जरा इचारायचं हुतं. त्या सुभाषआण्णांचा निलेश... काय करतो वो पोरगा?"

निलेश म्हणजे मीच. अंगात जुना टी-शर्ट, हातात रिकामी किटली, त्यामुळे त्यांना ओळख पटायचं काही कारणच नव्हतं. आमच्या भागात स्थळ बघायचं ठरण्याआधी मुलीकडचं कोणीतरी असं गुपचूप गावात येऊन चौकशी करून जातं. डेअरी त्यासाठी उत्तम, सगळं गाव तिथे येतं.

आता माझं प्रकरण जरा अवघड आहे. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो तो इथेच राहिलो. मधे नोकरी बदलली, पण नव्या कंपनीचं ऑफिस मी अजून पाहिलेलं नाही. इंटरव्ह्यू व्हिडिओवर, ऑफर लेटर मेलवर, लॅपटॉप कुरिअरने... त्या कुरिअरवाल्याला आण्णांनी बसवून चहा पाजला होता. कंपनीकडून आमच्या घरी आलेला तो एकमेव माणूस!

काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, नोकरी पक्की, पगार वेळेवर. पण 'मुलगा घरीच असतो' एवढं कानावर गेलं की स्थळ मागे जातं. अशी दोन चांगली स्थळं गेली, तेव्हा आईने धसका घेतला.

मग तिनेच फर्मान काढलं... रोज सकाळी इन शर्ट करायचा, बॅग अडकवायची आणि गाडी काढून सांगलीला जायचं, गावाला दिसेल असं. कंपनीने ऑफिसला जाणं बंद केलं आणि आईने चालू केलं.

सांगलीत मी एका अभ्यासिकेत बसायला लागलो. स्पर्धा परीक्षेची मुलं शेजारी. मीटिंग आली की जिन्यात जायचं. एका मुलीने तर मला आदराने विचारलं, "सर, कितवा अटेम्प्ट?"

तर डेअरीवर... खरं सांगतो, राग नाही आला, उत्सुकताच वाटली. आपल्यामागे गाव काय बोलतं हे ऐकायची संधी कितीजणांना मिळते? मी विचारलं, "अजून कोणाला विचारलंत का?"

"लय जणांस्नी इचारलं. एक म्हनतो, करोनात नोकरी गेली तवापासनं घरीच हाय. दुसरा म्हनतो, दार लावून एकटाच इंग्लिशमधी बोलतो." मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "आन् आता म्हनं रोज बॅग घिऊन सांगलीला जातो, पर कुठं जातो ते कुणालाच ठाव न्हाई. घरी बसल्याचं एक वेळ चालंल, पर ह्येची लय काळजी वाटाय लागली बघा."

आईची एवढी मेहनत पाण्यात! मला हसू आवरेना. म्हटलं, "काका, तो निलेश मीच."

त्यांनी किटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आवं, मग काम घरात हाय तर सांगलीला कशाला जाता?"

"तुम्ही चौकशीला येणार म्हणून."

ते असे हसले की डेअरीतला माणूस बाहेर डोकावला. मुलीचे मामा होते ते, फलटणहून आलेले. घरी नेलं, चहा झाला. तेवढ्यात माझा एक कॉल आला, तर खोलीच्या दारात उभे राहून तो संपेपर्यंत बघत होते. म्हणाले, "समोर मानूस न्हाई, तरी मान डोलवताय की!" जाताना मात्र "बघतो" एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी मुलीचाच फोन. कल्याणी. फलटणमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते.

"माझं काम घरून होत नाही," ती म्हणाली. "रक्त काही व्हिडिओ कॉलवर काढता येत नाही. आतापर्यंत आलेलं प्रत्येक स्थळ म्हणालं, लग्नानंतर ही नोकरी सोड. तुमची नोकरी कुठूनही चालते ना? मग तुम्ही फलटणला याल का?"

जी गोष्ट आम्ही गावापासून लपवत होतो, नेमकी तीच हिला हवी होती...

रविवारी भेटलो. दोघांनाही पसंत. खरा प्रश्न आमच्या घरात होता, कारण तिचं माहेर फलटणमध्येच. आई म्हणाली, "लोक घरजावई म्हनतील." आण्णा म्हणाले, "पुण्याला हुता तवा तरी कुठं घरात हुता? ते चालत हुतं, मग फलटण का चालंना?" आई तडक उठून गोठ्यात निघून गेली.

काल सकाळी बघतो तर तिने स्वतःच कल्याणीला फोन लावलेला. आता ही काहीतरी बोलून सगळं मोडणार म्हणून दाराशीच थांबलो.

आईने ख्यालीखुशालीही विचारली नाही. सरळ म्हणाली, "तिकडं सारखी लाईट तर जात न्हाई न्हवं? न्हाई म्हंजी... दिवसभर काम असतंय त्येचं."

काम असतंय त्येचं... माझ्या त्या खोलीत बसण्याला आई पहिल्यांदा काम म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.