लाल गाडीची किल्ली

धुळ्याला महामार्गावर माझ्या पंक्चरच्या दुकानाशेजारी एका अहिराणी बोलणाऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. गाडी तपासताना तो बोलायचा नाही, नुसता कान लावून ऐकायचा.

एकदा इंदूरचा एक तरुण लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. त्याचे वडील नाशिकच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते आणि गाडीचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉकअप तुटले होते.

"तशीच पळवतो," तरुण म्हणाला.

"घाटमा गाडी उलटी जाई, भाऊ," गाडी घाटात उलटेल असं बजावत मेकॅनिकने किल्ली खिशात टाकली. तरुणाने त्याची कॉलर धरली. कॉलर न सोडवता तो म्हणाला, "तुना आबाले तू जित्ता जोयजे." म्हणजे तुझ्या वडिलांना तू जिवंत हवास.

मग हातातलं काम टाकून त्याने स्वतःच्या जीपमधून त्या तरुणाला नाशिकला पोचवलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "भेट झाली?"

"आबानी पोऱ्याना हात धरा," बापाने लेकाचा हात धरला, एवढंच सांगून तो लाल गाडीखाली सरकला.