काकांचा पाय आणि गाडीची थरथर

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर संघमित्रा वाहुळेच्या मोटार ट्रेनिंग स्कूलची पाटी आहे. 'महिलांसाठी खास सोय' याच्या खाली आणखी एक ओळ आहे: 'गाडी चालवण्याबरोबर इंजिनाचंही संपूर्ण ज्ञान दिलं जाईल.' पाटीवर जागा उरली, म्हणून तिनेच ती रंगाऱ्याकडून घालून घेतली होती. स्कूल म्हणजे तरी काय, दोन्ही बाजूंना क्लच-ब्रेक असलेली एक जुनी छोटी गाडी आणि संघमित्रा स्वतः. वय सेहेचाळीस, आवाज खणखणीत, आणि 'माझं चुकलं' एवढं सोडून बाकी सगळं बोलायची तयारी.

जानेवारीत ती गाडी सकाळी रुसायला लागली. तशी मुंबईची थंडी ती काय, पण डोंगराकडून वारा सुटला की मुलुंडची माणसं हौसेने कानटोप्या काढतात. गाडीने मात्र ती थंडी खरोखरच मनावर घेतली. सेल्फ मारला की इंजिन सुरू व्हायचं, हुडहुडी भरल्यासारखं थडथडायचं आणि बंद पडायचं. चार वेळा विनवण्या केल्या की कसंबसं टिकायचं, आणि एकदा तापलं की दिवसभर शहाण्यासारखं चालायचं. त्यामुळे ही भानगड फक्त सकाळच्या पहिल्या विद्यार्थ्यालाच दिसायची.

तो विद्यार्थी म्हणजे शरच्चंद्र कर्णिक, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बायकोचे, कुंदाताईंचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा तिला बदलापूरला बहिणीकडे आपणच नेऊ, असं ठरवून ते गाडी शिकायला आले होते. पहिल्याच दिवशी गाडी थरथरून बंद पडली, तेव्हा त्यांनी घाबरत विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

आता पाटीवर 'संपूर्ण ज्ञान' लिहिलेल्या बाईने काय म्हणावं? "क्लच जरा हळू सोडा, काका," संघमित्रा म्हणाली.

गाडी तेव्हा न्यूट्रलमध्ये होती. क्लच हळू सोडला काय नि झटकन सोडला काय, काही फरक पडणार नव्हता. हे तिला माहीत होतं, काकांना नव्हतं, आणि तेवढ्यावर तिची अब्रू वाचली.

तिच्या नवऱ्याने, खंडूने, गाडी गॅरेजमध्ये टाक म्हणून दोनदा सुचवलं. पण पाटीवर ती ओळ असताना गॅरेजवाल्यासमोर उभं कसं राहायचं? तिने स्वतःच निदान केलं, बॅटरी उतरलीय. नवी बॅटरी बसवली, तर गाडी दुप्पट जोमाने थरथरली. मग व्हिडिओ बघून प्लग बदलले आणि काळे झालेले हात खंडूला मुद्दाम दाखवले. गाडीला त्याचं काही वाटलं नाही. शेवटी पेट्रोलच खराब मिळतंय असं जाहीर करून ती लांबच्या पंपावर जायला लागली. निदान रोज बदलत होतं. काकांच्या पायावरचा ठपका तेवढा कायम होता.

एका सकाळी काका गाडीत बसलेच नाहीत. म्हणाले, आता थांबतो मी. घरी कुंदाच्या शिलाई मशिनच्या पायट्यावर क्लचचा सराव केला, मशिनचा पट्टा तुटला, पण पाय काही वळत नाही. या वयात शिकायला नको होतं.

'तुम्हाला जमणार नाही, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका,' हे भाषण संघमित्रा प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला द्यायची. इथे रोज सकाळी तसं म्हणणारी तीच होती.

"काका, बसा," ती म्हणाली. "आणि दोन्ही पाय वर घ्या. मांडी घाला."

काकांनी चपला काढल्या आणि स्टिअरिंगमागे जेवायला बसल्यासारखी कशीबशी मांडी घातली. तिने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. गाडी थडथडली, तिच्याबरोबर मांडी घातलेले काकाही थडथडले, आणि इंजिन बंद पडलं. काका आपल्या पायांकडे बघत राहिले.

"म्हणजे माझा पाय नव्हे."

"नव्हे. पहिल्या दिवसापासून नव्हे. गाडी बिघडलीय, आणि काय बिघडलंय ते मला कळत नाहीये."

काका चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते उलट उत्साहात आले आणि म्हणाले, मग शोधूया की. तिने बॉनेट उघडलं आणि काकांना ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिन चालू ठेवायला सांगितलं. ते काम त्या पायाने उत्तम केलं.

इतके दिवस ती बॉनेट उघडायची ती इंजिन बंद करून, काहीतरी बदलायला. चालू इंजिनाचं आधी ऐकून घ्यावं, हे सुचलंच नव्हतं. खंडूच्या मते ती सवय घरातही नव्हती. आता कान दिला, तर शिटीआधी कुकर करतो तसा बारीक फुसफुस आवाज येत होता. तिने घरून इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणली आणि एकेका रबरी पाइपवर फवारा मारत गेली. एका बारक्या पाइपच्या टोकावर पाणी पडलं आणि इंजिनाचा सूर क्षणभर सुधारला. टोकाला थंडीतल्या टाचेसारखी भेग होती. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि ही भेग आत फुकटची हवा सोडत होती. तापल्यावर रबर मऊ होऊन भेग मिटायची आणि दुखणं पळायचं.

भेग कशी पडली, तेही तिला लगेच आठवलं. दिवाळीत एअर फिल्टर स्वतः बदलताना हाच पाइप निघेना, म्हणून तिने स्क्रूड्रायव्हर घालून तो उचकटला होता. हे तिने काकांना सांगितलं नाही. एका सकाळी एवढा खरेपणा पुरे होता.

त्याच दिवशी तिने नवा पाइप आणि क्लिप आणून बसवली. दुसऱ्या दिवशी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि काका तिला हायवेच्या सर्व्हिस रोडला घेऊन गेले. मध्येच एक रिक्षा आडवी घुसली. काकांनी ब्रेक आणि क्लच बरोबर दाबला, गाडी बंद पडली नाही.

"छान, काका," संघमित्रा मनापासून म्हणाली.

काकांनी तिच्याकडे तिरकं बघितलं. "हे खरं, की माझा उत्साह टिकावा म्हणून?"

तेव्हापासून ती 'क्लच' म्हणाली की काका आधी तिच्या तोंडाकडे बघतात आणि मग पाय हलवतात. रस्त्याकडे बघा, हे तिला आता रोज सांगावं लागतं.