उजव्या चाकाचा आवाज

सिरसाळ्यात कुणालाबी विचारा, मल्लिनाथ मिस्त्रीचं गॅरेज कुठंय, लगेच बोट दाखवतील. मल्लिनाथ मिस्त्री म्हंजे आमचे मालक. गाडी दारात यायच्या आधीच नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "पट्टा ढिला झालाय हिचा." बोनेट उघडलं की तेच निघायचं. गॅरेजच्या मागंच आमचं घर हाय. मी भाकरी थापता थापता सगळं ऐकायचे अन् मनातल्या मनात फुगायचे. का नको फुगू? माझाच नवरा हाय!

पण वरीस झालं, माणूस बदलला. हाक मारली तर ओ न्हाई. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की शेजारीण भिंत बडवायची. आमची रुद्राणी नववीला हाय, ती पोरगी "अप्पा, अप्पा" करून दमायची अन् शेवटी त्यांचा सदरा ओढायची. मी म्हणायचे, "माणूस हाय का धोंडा?" तर म्हणायचे, "डोक्यात काम असतंय माझ्या." मला वाटायचं, माज आलाय.

मागल्या महिन्यात पंचशीलाताई गाडी घेऊन आली. ती परळीला दवाखान्यात नर्स हाय, रोज स्वतः गाडी चालवत जाती. तिच्या आईला, सिंधुबाईला, दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनला अंबाजोगाईला न्यायचं होतं. वाटेत घाट लागतोय.

"मिस्त्री, डावीकडं वळलं की खर्रर्र वाजतंय. इथून येतंय बगा," असं म्हणून तिनं डाव्या चाकाकडं बोट केलं.

हे लगेच डाव्या चाकापाशी बसले. चाक काढलं, ब्रेकच्या मागल्या पत्र्यात अडकलेला खडा काढला अन् तळहातावर ठेवून दाखवला. "ह्यो बगा चोर!" ताई हसली. चाक बसवून एक चक्कर मारायची ठरली. मला मिरच्या आणायच्या होत्या, म्हणून मी मागं बसले. हे चालवायला, ताई शेजारी.

चौकात गाडी डावीकडं वळली अन् अगं बाई! जात्यात खडा गेल्यावर वाजतंय ना, तसं वाजलं. माझे दात शिवशिवले. ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. अन् ह्यांनी काय केलं? आधी आरशातून माझ्या तोंडाकडं बघितलं, मग ताईच्या. मग म्हणले, "हां, थोडा हाय अजून."

ह्यांना आवाज आलाच नव्हता. आमची तोंडं बघून बोलत होते. मिरच्या-बिरच्या सगळं विसरले मी.

गॅरेजला आलो तर म्हणतात कसे, "ताई, खडा घासून गेलाय, दोन दिवस वाजंल अन् आपोआप जाईल. बिनघोर जावा."

बिनघोर! म्हातारं माणूस मागच्या सीटवर घेऊन ती घाटात जाणार, अन् हे म्हणतात बिनघोर! माझं डोकंच सणकलं. "कसा जाईल आपोआप? तुमाला ऐकू तरी आलं का? डावीकडं वळलं की वजन उजव्या चाकावर पडतंय, हे तुमीच सांगत होता ना सगळ्यांला? मग उजवं चाक बघितलं का?"

मी मोठ्यानं बोलले, तवा ऐकू गेलं. मला वाटलं, आता पाना फेकून मारतील. पण खाली बघून म्हणले, "ताई, गाडी नेऊ नका. मला ऐकू येत न्हाई. तुमी डावीकडं बोट केलं, मी डावीकडं बसलो."

"वहिनींला तरी सांगायचं हुतं, दादा," ताई म्हणली. तिचं म्हणणं त्यांना कळलं का न्हाई, देव जाणे.

"लोक माझ्या हातावर येत न्हाईत हो, कानावर येतेत," हे म्हणले. "कान गेला म्हणल्यावर कोण येईल?"

मला रडायला आलं. राग बी तेवढाच होता. रडत रडतच मी म्हणलं, "उठा आता, जॅक लावा."

उजवं चाक जॅकवर उचललं. ह्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक चाकाच्या मागं लोखंडावर टेकवलं अन् लाकडी मूठ दातात धरली. मला हातानं खुणावलं, फिरव. मी चाक फिरवलं. हे डोळे मिटून बसले होते. एकदम मूठ काढून म्हणले, "बेअरिंग! खरखर दातात येतीय." म्हंजे वरीसभर असंच चाललं होतं. आमी जेवायला बसलो की हे अजून आतच का असायचे, ते मला तवा कळलं. सगळे घरात गेल्यावर गाड्या दातानं ऐकायचे.

जुनं बेअरिंग निघालं ते पार झिजून गेलेलं. घाटात चाक जाम झालं असतं तर? नवं आणून बसवलं. आता चक्कर मारायची, तर हे जागचे हलंनात.

"तू जा. ऐक अन् सांग."

ताई चालवायला, मी शेजारी. डावीकडं वळलो, उजवीकडं वळलो, परत डावीकडं. काही न्हाई. परत आलो तर हे शटरपाशी उभे, माझ्या तोंडाकडं बघत.

"गेला," मी म्हणलं.

"खरं सांग. माझ्यासाठी न्हाई, गाडीसाठी सांग."

मी जवळ गेले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "गाडीसाठीच सांगतेय. गेला."

ताई गाडी घेऊन गेली. जाताना म्हणली, कान तपासायला आणा, मी डॉक्टरशी बोलते. हे जुन्या टायरवर बसले, हाताचं ग्रीस पुसत. मीबी शेजारी बसले.

"आत्ता हितं काय काय वाजतंय?" त्यांनी विचारलं अन् कान माझ्या तोंडाशी आणला.

"पिठाची गिरणी चालू हाय. समोरच्या हॉटेलात कपबश्या वाजतेत. पाठीमागं रुद्राणी हाक मारतीय."

"कुणाला?"

"तुमाला," मी म्हणलं. "लई वेळ झालं मारतीय."